नॉर्मलची रेघ

हॉस्पिटलच्या तळघरात, कपडे धुण्याच्या खोलीला लागून, शिवणाची एक लहानशी खोली होती आणि तिथे एक शिंपी बसायचे. पेशंटचे गाऊन, चादरी, ऑपरेशनच्या टेबलावर अंथरायची हिरवी कापडं, सगळं त्यांच्या मशीनखालून जायचं. माणूस किडकिडीत, कानामागे पेन्सिल, आणि ओठांत कायम दोन-चार टाचण्या, त्यामुळे बोलणं तोंडाच्या एका कोपऱ्यातून यायचं. पण तळघरापासून वरच्या मजल्यापर्यंत त्यांना शिंपी म्हणून कुणीच ओळखत नसे. सगळे त्यांना ‘नॉर्मल’ म्हणत. नॉर्मल आले का, नॉर्मल जेवायला गेलेत, नॉर्मलला जरा वर पाठवा. नव्याने लागलेल्या एका नर्सला कुणीतरी फोनवर सांगितलं की आज नॉर्मलला ताप आहे, तर ती म्हणाली, मग तो नॉर्मल कसा, आणि तिने फोन ठेवून दिला.

ही पदवी त्यांना त्यांच्या रक्ताने मिळवून दिली होती. वरच्या लॅबमध्ये एक चाचणी व्हायची. आपल्या रक्तात प्लेटलेट नावाचे बारीक कण असतात. जखम झाली की ते एकमेकांना चिकटतात, त्यांचा गठ्ठा होतो आणि रक्त थांबतं. ते नीट चिकटतात की नाही, हे त्या चाचणीत बघायचं. रक्त एका यंत्रात हळू फिरवलं की लाल भाग खाली बसतो आणि वर पिवळसर, गढूळ पाणी उरतं. तो गढूळपणा प्लेटलेटचाच. ते पाणी काचेच्या छोट्या नळीत घालायचं, अंगाइतकं कोमट ठेवायचं, तिळाएवढ्या लोखंडी तुकड्याने ढवळत राहायचं आणि एका बाजूने उजेड सोडायचा. मग औषधाचा एक थेंब. प्लेटलेट चिकटायला लागल्या की पाणी निवळतं, उजेड आरपार जातो आणि यंत्राचं पेन कागदावर वर चढतं. वेगवेगळ्या औषधांचे थेंब, प्रत्येकाची वेगळी रेघ. नाही चिकटल्या, तर पेन आपलं आडवं चालत राहतं.

आता यात गोम अशी, की औषध शिळं झालेलं असलं किंवा यंत्र रुसलेलं असलं तरीही पेन आडवंच चालतं. म्हणून पेशंटच्या आधी, त्याच दिवशी, एका धडधाकट माणसाचं रक्त त्याच यंत्रात घालून बघायचं. त्याची रेघ चढली तरच पेशंटची रेघ वाचायची. तो धडधाकट माणूस म्हणजे लॅबच्या भाषेत नॉर्मल, आणि त्या हॉस्पिटलात तो माणूस कित्येक वर्षं एकच होता.

त्यांना त्याचा अभिमान होता. अभिमान कसला, गर्वच. सकाळी बोलावणं आलं की चहा नाही, तंबाखू नाही, तुपकट काही नाही. बाही दुमडून, दंड पुढे करून बसत. अंगदुखीच्या गोळ्यांना त्यांच्या घरात प्रवेशच नव्हता, कारण त्यातल्या काहींनी प्लेटलेट बिघडतात असं त्यांना पहिल्या दिवशीच सांगितलेलं होतं. मग त्यांनी सगळ्याच गोळ्यांवर बंदी घातली. डोकं दुखलं की ओली पट्टी, कंबर दुखली की गरम विटेचा शेक, आणि बायको कुरकुरली की भाषण. काकू म्हणायच्या, “माझं लग्न ह्यांच्याशी झालं की ह्यांच्या रक्ताशी, तेच कळत नाही.” हे सगळं मला नंतर कळलं, कारण त्या घरी मी पुढे लेकीसारखी जात राहिले. त्याआधी मात्र मी त्यांच्यावर संतापले होते, आणि तीच गोष्ट सांगायची आहे.

मी सोळा वर्षांची होते. माझा पाठीचा कणा वाकडा होता. लहानपणी थोडा, मग वाढीच्या वयात भराभर. एक खांदा वर, एक खाली, आणि श्वास घेताना बरगड्या आतून टोचायच्या. सर्जननी सांगितलं होतं की ऑपरेशन करून कणा सरळ करता येईल, पण फार थांबलात तर फुप्फुसांना जागा उरणार नाही. आम्ही थांबलो होतो, त्याला कारण होतं. वर्षभरापूर्वी माझी दाढ काढली आणि रक्त थांबेचना. दोन दिवस मी कापसाचे बोळे चावत बसले होते. त्याच आठवड्यात कुठल्याशा लॅबने माझ्या प्लेटलेट तपासल्या आणि लिहून दिलं: नीट चिकटत नाहीत, जन्मजात दोष असावा.

‘असावा’ हा शब्द आमच्या घराच्या उंबऱ्यातून आत आला तेव्हा ‘आहे’ झाला. शाळेत खेळ बंद. हातात सुरी द्यायची नाही. आत्या यायची ती दारातूनच विचारायची, पोरीचं रक्त कसं आहे, जसं काही ते दुधासारखं नासायला ठेवलंय. आईने मला काचेच्या भांड्यासारखं जपलं आणि मी तिच्यावर सारखी खेकसत राहिले. मला तेव्हा सगळ्यांचाच राग यायचा. सरळ उभं राहता येणाऱ्या प्रत्येक माणसाचा यायचा.

शेवटी सर्जन म्हणाले, चाचणी आपल्या हॉस्पिटलात पुन्हा करू. प्लेटलेट चिकटल्या तर मी ऑपरेशन करतो. नाही चिकटल्या तर एवढी मोठी पाठ उघडायची जोखीम मी घेणार नाही. इतकं साफ बोलणाऱ्या माणसाचा राग करता येत नाही, म्हणून मी त्यांच्यावर तेवढी चिडले नाही.

चाचणीच्या सकाळी लॅबच्या बाकावर आई, मी आणि गळ्यापासून गालांपर्यंत मफलर गुंडाळलेले एक गृहस्थ. लॅबच्या बाई बाहेर आल्या. जाड चष्मा, पायात सपाट चपला, आणि कुणालाही न दुखवता हुकूम सोडायची हातोटी. त्यांनी मला विचारलं, गेल्या आठ-दहा दिवसांत कुठलीही गोळी घेतली आहे का. नव्हती घेतली. मग मफलरवाल्यांना तेच विचारलं. ते म्हणाले, बाई, तुम्ही दर वेळी विचारता आणि दर वेळी माझा अपमान होतो. बाई हसल्या. मफलर कशाला, तर म्हणे थंडी बाधलीये.

दोघांचं रक्त घेऊन बाई आत गेल्या. बाकावर मग मला त्या गृहस्थांची कर्मकहाणी ऐकावी लागली. मी नॉर्मल आहे, असं त्यांनी आईला सांगितलं तेव्हा आई जरा सरकून बसली. मग त्यांनी सगळं समजावून दिलं, नळी, उजेड, पेन. माझी रेघ कशी जिना चढल्यासारखी चढते, अजून एकदाही चुकलेली नाही, तू काळजी करू नको बाळ. आवाज जरा फुगलेला होता आणि ते एकाच गालाने बोलत होते, पण त्यांना मी आधी कधी पाहिलेलं नसल्याने मला वाटलं, माणूस असाच बोलत असेल.

बऱ्याच वेळाने बाई दारात आल्या. चेहरा उतरलेला. त्या आमच्याकडे न येता त्यांच्याकडे गेल्या. म्हणाल्या, तुमची रेघ चढत नाहीये.

बाईंनी सांगितलं की एका औषधाला तर पेन हललंसुद्धा नाही, आणि दुसऱ्या दोन औषधांना अर्ध्यावर जाऊन खाली आलं. औषधाची दुसरी बाटली उघडून पाहिली, तेच. मग आईने घाबरत विचारलं, आणि माझ्या मुलीची? बाई म्हणाल्या, नॉर्मल चढला नाही तर पेशंटचं वाचायचं नसतं. मी काही सांगणार नाही आणि तुम्ही विचारू नका.

वर्षभर वाट बघायची, पहाटे उठून एवढ्या लांब यायचं, आणि कुणा शिंप्याचं रक्त आजच रुसायचं! बाईंनी त्यांना पुन्हा विचारलं, नक्की काही घेतलं नाही? ते ताडकन उठले. आयुष्यात त्यांच्यावर कुणी असा आरोप केला नव्हता. म्हणाले, माझ्या घरात गोळी येत नाही, साक्षीला बायकोला बोलावतो. आणि लॅबच्याच फोनवरून त्यांनी घरी फोन लावला. हॉस्पिटलच्या मागेच कर्मचाऱ्यांच्या खोल्या होत्या. काकू हातातलं काम टाकून, ओल्या हातांनी, धापा टाकत आल्या.

“सांग ह्यांना,” ते म्हणाले. “आपल्या घरात कधी गोळी आली आहे का?”

काकूंनी एकदा त्यांच्याकडे पाहिलं, एकदा बाईंकडे, आणि मग जमिनीकडे.

“परवा आणली,” त्या म्हणाल्या. “शेजारणीकडून. बारीक कुटली आणि मधात कालवून ह्यांना दिली. परवा आणि कालही. खोकल्याचं चाटण आहे म्हणून सांगितलं.”

एकदा सुटल्या त्या काकू थांबेचनात. आठवडा झाला ह्यांची दाढ ठणकतीये. बाईंना सांगायचं नाही, कारण सांगितलं तर त्या दुसरा नॉर्मल शोधतील. गाल सुजलाय तो दिसू नये म्हणून मफलर. जेवण नाही, झोप नाही, नुसत्या येरझाऱ्या. मला बघवेना हो. त्या रडायला लागल्या. शिंपी तोंड उघडं टाकून बायकोकडे बघत होते. साक्षीदारच आरोपी निघाल्यावर काय करायचं, हे त्यांना कुणी शिकवलेलं नव्हतं.

बाईंनी रागावायला हवं होतं, पण त्यांचा जीव भांड्यात पडल्यासारखा दिसला. कारण मग यंत्र ठीक होतं, औषधंही ठीक होती. त्यांनी विचारलं, कुठली गोळी? दाढदुखीची, काकू म्हणाल्या, दुकानात मिळते ती साधी पांढरी. बाईंनी मान हलवली. तीच ती. एक गोळी घेतली तरी त्या वेळी रक्तात असलेल्या प्लेटलेट पुन्हा नीट चिकटत नाहीत, आणि नव्या तयार व्हायला आठ-दहा दिवस जातात. तोवर बघणाऱ्याला वाटावं की ह्या माणसात जन्मजात दोष आहे.

माझ्या शेजारी आई उभी राहिली. इतका वेळ ती पदराच्या टोकाची गाठ मारत आणि सोडत बसली होती.

“दाढेच्या गोळीनं असं होतं?” तिने विचारलं.

“होतं.”

“मी हिला दिली होती,” आई म्हणाली. “दाढ काढायच्या आधी. आठवडाभर, सकाळ-संध्याकाळ. तिथल्या डॉक्टरांनी विचारलं होतं, औषध काही चालू आहे का. मी नाही म्हणाले. ते कणकीच्या पुड्याबरोबर दुकानातून आणलेलं, त्याला औषध कोण म्हणतं?”

तिचा आवाज इतका बारीक झाला होता की शेवटचे शब्द मला ओठांवरून वाचावे लागले. बाईंनी आमच्या पिशवीतला जुना रिपोर्ट मागून घेतला आणि आतून नॉर्मलचा आजचा कागद आणून शेजारी धरला. मला त्यातलं काही कळायची गरज नव्हती. एक रेघ सपाट, दोन अर्ध्यावरून घसरलेल्या. दोन्ही कागदांवर अगदी तसंच. जुळी भावंडं दिसावीत तशी.

पण बाई पक्क्या होत्या. म्हणाल्या, अंदाजावर मी सर्जनना काही लिहून देणार नाही. रक्त पुन्हा घेऊ आणि आजच्या आज करू. फक्त नॉर्मल कोण? त्या स्वतः गुडघ्यांसाठी रोज गोळी घेत. लॅबच्या डॉक्टरांना हृदयाची गोळी. लॅबमधला एक जण तापातून उठलेला, दुसरीने सकाळीच डोकेदुखीवर काहीतरी घेतलेलं. नकटीच्या लग्नाला सतराशे विघ्नं म्हणतात ते हेच, असं मी मनात म्हणत होते, तेवढ्यात काकूंनी डोळे पुसले.

“माझं घ्या,” त्या म्हणाल्या. “ह्यांच्या पायी मी इतकी वर्षं एक गोळी खाल्लेली नाही. ती दोन दिवस आणली तीसुद्धा ह्यांनाच घातली.”

आणि मग सुईचं नाव काढताच त्या दोन पावलं मागे सरकल्या. बाळंतपणानंतर त्यांनी सुई बघितली नव्हती. आम्ही दोघी शेजारी शेजारी स्टुलांवर बसलो. त्यांनी माझा हात असा आवळून धरला की सुईपेक्षा तोच जास्त दुखला. शिंपी एका हाताने सुजलेला गाल धरून बायकोला सूचना देत होते: मूठ सैल सोड, श्वास घे, तिकडे बघू नकोस. काकू म्हणाल्या, तुम्ही आता गप्प बसा, तुमचं आज काही चालत नाही. ते खरोखर गप्प बसले.

बाईंनी त्या दिवशी आम्हांला आत उभं राहू दिलं. पहिली काकूंची नळी. थेंब पडला, पेन एक क्षण थबकलं आणि चढायला लागलं. दुसरा थेंब, तेच. तिसरा, तेच. शिंपी कागदावर वाकून बघत होते. जरा वेळाने म्हणाले, हिची माझ्यापेक्षाही थोडी वर जातेय की. बाई म्हणाल्या, जातेय. शिंप्यांना आनंद झाला की दुःख, ते त्यांचं त्यांनाही ठरवता येईना.

मग माझी नळी. गढूळ, पिवळं, कुणाचंही असावं तसं पाणी. आईने डोळे मिटले. मी मिटले नाहीत. मला ते स्वतः बघायचं होतं, वाईट असलं तरी. बाईंनी थेंब सोडला, तोच ज्याच्यावर जुन्या कागदावर माझी रेघ मेल्यासारखी पडली होती. पेन सरळ चाललं. अजून सरळच. आणि मग हललं. वर गेलं, आणखी वर गेलं, आणि काकूंची रेघ जिथे थांबली होती त्याच्या आसपास जाऊन थांबलं.

बाईंनी उरलेले थेंबही एकेक करून सोडले. मग म्हणाल्या, “हिच्या प्लेटलेटना काही झालेलं नाही. कधी झालेलंही नव्हतं.”

आई आणि काकू एकमेकींच्या गळ्यात पडून रडल्या. एकीने गोळी देऊन घोळ घातला होता, दुसरीनेही तेच. एकीचा घोळ कबूल झाला नसता तर दुसरीचा कधी आठवला नसता. मग माझी रेघ एका लॅबमध्ये पडली, दुसऱ्यात चढली, मग कुठली खरी, म्हणून सर्जन पुन्हा थांबले असते. मी त्या दाढेची, त्या मधाची आणि खोटं न पचणाऱ्या काकूंची किती ऋणी आहे, हे मला अजून नीट सांगता येत नाही.

ऑपरेशन झालं. सर्जननी तरीही जादा रक्त तयार ठेवलं होतं, ते लागलं नाही. शुद्धीवर आले तेव्हा पाठीत आग होती, पण बरगड्यांतलं टोचणं गेलं होतं. पहिल्यांदा भिंतीला धरून उभी राहिले त्या दिवशी शिंपी वर आले. दाढ काढून टाकलेली, मफलर नाही. मी त्यांच्यापेक्षा उंच निघाले. ते म्हणाले, आधीच कळलं असतं तर गाऊन चार बोटं लांब शिवला असता.

त्यानंतर मी त्या घरी जात राहिले. कॉलेजात गेले, नोकरीला लागले, तरी सुट्टीला तळघरात एक चक्कर असायचीच. ते मला जुने किस्से सांगत आणि प्रत्येक किश्शात त्यांचं रक्त असे. त्यांच्या बढाया मी कौतुकाने ऐकल्या, कारण त्यांतली एकही खोटी नव्हती. त्यांनी रक्त फुकट दिलं, बोलावलं तेव्हा दिलं, कधी कुरकुर केली नाही. ज्यांचं तोंडही बघायला मिळणार नाही अशा लोकांसाठी ह्या माणसाने वर्षानुवर्षं डोकेदुखी अंगावर काढली. काकूंना विचाराल तर त्या म्हणतील, हौस दांडगी. मला विचाराल तर मी म्हणेन, असा माणूस मला दुसरा भेटला नाही.

गेल्या वर्षी त्यांना हृदयविकाराचा झटका आला. बरे झाले, पण डॉक्टरांनी रोजची एक छोटी पांढरी गोळी लावून दिली. जन्मभरासाठी. ती कुठली, हे त्यांना कुणी सांगावं लागलं नाही. काकू सांगतात, पहिल्या दिवशी ते ती हातावर घेऊन कितीतरी वेळ बसले होते. झटका आला तेव्हा डोळ्यांत पाणी नव्हतं, ते ती गोळी बघून आलं. काकूंनाही आता सांधेदुखीची औषधं सुरू झाली आहेत.

मग एका संध्याकाळी ते आमच्या घरी आले, जिने चढून, मध्ये मध्ये थांबत. आईने पाणी दिलं. ते बराच वेळ इकडचं तिकडचं बोलले, आणि शेवटी म्हणाले, “लॅबला नॉर्मल हवाय. बाईंनी मला विचारलं, कुणी आहे का माहितीतलं. मी म्हटलं, आहे. मी तिची रेघ स्वतः बघितली आहे. येशील?”

ज्या रक्ताची आत्या दारातून चौकशी करायची, ते रक्त कुणीतरी चांगलं म्हणून मागायला आलं होतं. मी हो म्हटलं.

मी गेले ती आईला घेऊन. तीच लॅब, बाई आता जरा वाकलेल्या, निवृत्तीला टेकलेल्या. बाकावर एक घाबरलेली मुलगी, दहा-बारा वर्षांची, आणि तिची आई. मी बाही दुमडली. त्या मुलीच्या आईने दबक्या आवाजात बाईंना विचारलं, ह्यांना काय झालंय?

“काही नाही,” बाई म्हणाल्या. “ह्या आमच्या नॉर्मल.”

मी आईकडे पाहिलं. ती सावरून बसली आणि त्या मुलीच्या आईकडे वळून म्हणाली, “माझी मुलगी आहे ती.”